डाळिंबाच्या मुळीवर गाठी, पण माती तपासणीच्या कागदावर रकानाच नाही

सांगोला, आटपाडी पट्ट्यात डाळिंबाचं झाड पिवळं पडलं की पहिला संशय मर रोगावर जातो. आळवणी होते, खर्च होतो, झाड काही सुधारत नाही. शेवटी मुळी उकरून पाहिली की माळेतल्या मण्यांसारख्या गाठी दिसतात. हे काम सूत्रकृमीचं, म्हणजेच निमॅटोडचं.

मुळीत शिरणारं त्याचं पिल्लू जेमतेम अर्धा मिलिमीटर. तोंडात सुईसारखा काटा. पण नुसत्या काट्यावर भिंत फुटत नाही. पिल्लू सोबत लाळ सोडतं आणि त्या लाळेत एन्झाइम असतात. पेक्टिन हा पेशींना एकमेकींशी चिकटवणारा गारा. एक एन्झाइम तो विरघळवतं, तर सेल्युलेज पेशीच्या भिंतीतले धागे तोडतं. वाट मोकळी झाली की पिल्लू आत ठाण मांडतं, आसपासच्या पेशी फुगवतं आणि झाडाचं अन्न तिथंच ओढून घेतं. गाठ म्हणतात ती हीच.

प्राण्याच्या स्वतःच्या जनुकातून सेल्युलेज तयार होतं, हे सूत्रकृमीत पहिल्यांदा 1998 मध्ये सिद्ध झालं. ही जनुकं फार पूर्वी जिवाणूंकडून आली असावीत, असं शास्त्रज्ञ मानतात. गाठी करणाऱ्या मुख्य जातीचा जनुकसंच 2008 मध्ये वाचला गेला, तेव्हा भिंत फोडणारी अशी साठच्या वर जनुकं सापडली. एक हत्यार निकामी केलं तरी दुसरी शिल्लक राहतात.

खरं नुकसान पुढचं आहे. सूत्रकृमीनं जखमी केलेल्या मुळीतून मरीची बुरशी सहज आत शिरते. म्हणून नुसत्या बुरशीनाशकावर भागत नाही. पूर्वी हाताशी असलेलं फोरेट 2020 अखेर बंद झालं. ते विषारी होतं, बंदी योग्यच. पण मादी एका वेळी शेकडो अंडी घालते आणि उन्हाळ्यात महिनाभरात नवी पिढी तयार होते. एकदा रान भरलं की ते पूर्ण साफ होत नाही.

मग अडवायचं कुठं? लागवडीआधी. इथंच व्यवस्था कमी पडते. 2015 पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत नत्र, स्फुरद, पालाश, सामू धरून बारा घटक आहेत; सूत्रकृमी त्यात नाही. त्याची तपासणी वेगळी करून घ्यावी लागते, अन् ती करायची असते हेच अनेकांना माहीत नसतं. त्यात रोग येतो तो बहुतेकदा रोपवाटिकेच्या पिशवीतूनच.

निंबोळी पेंड, बागेत झेंडू, ट्रायकोडर्मा यांनी संख्या कमी होते, पण वेळेत केलं तरच. पत्रिकेत तेरावा रकाना येईल तेव्हा येईल. तोवर कलमं उचलण्याआधी दोन-चार पिशव्या फोडून मुळ्या धुऊन पाहायच्या. गाठ दिसली तर गाडी रिकामी परत आणलेली परवडते.