त्रिनिदादला जाल तर रस्त्यावर खा



पोर्ट ऑफ स्पेन हे नाव आपल्या चाळींत आणि वस्त्यांत पोहोचले ते क्रिकेटमुळे. १९७१ च्या मार्चमध्ये अजित वाडेकरांच्या संघाने तेथेच वेस्ट इंडीजला कसोटीत पहिल्यांदा हरवले. दिलीप सरदेसाईंनी शतक ठोकले आणि सुनील गावस्कर नावाचा मुंबईचा पोरगा त्याच सामन्यात पहिल्यांदा कसोटीच्या मैदानात उतरला. पुढे १९७६ साली चौथ्या डावात चारशेच्या वर धावा काढून आपण पुन्हा तेथेच जिंकलो. त्या धावा अनेकांना तोंडपाठ आहेत. पण त्या गावातले लोक सकाळी उठून खातात काय, हे आपण कधी विचारले नाही.

आता विचारायला हरकत नाही. आपल्या घरांतली मुले-मुली जहाजांवर नोकरीला जातात, कोणी अमेरिकेत, कोणी कॅनडात स्थिरावली आहेत. तिकडून फोन येतो, ‘‘आई, यंदा सुट्टीला कॅरिबियन बेटांवर जाऊ, तुम्हीही या.’’ मग जाहिरातीतले हॉटेल दाखवले जाते. निळे पाणी, पांढरी वाळू, हाताला प्लास्टिकचा पट्टा बांधला की खाणे-पिणे सगळे आधीच भरलेल्या पैशांत. सोय आहे, नाही असे नाही. पण असल्या हॉटेलच्या फाटकाबाहेर माणूस फारसा पडत नाही, आणि त्याचा पैसाही बेटावर फारसा उतरत नाही. बऱ्याचदा तो परदेशी मालकाच्या खिशात जातो. बेटावरच्या माणसाला मिळते ती चादरी बदलायची नोकरी. म्हणून सांगते, जायचेच असेल तर त्रिनिदादला जा आणि रस्त्यावर खा.

त्रिनिदाद आणि टोबॅगो हा दोन बेटांचा एक देश. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून जेमतेम अकरा किलोमीटरवर. इंग्रजांच्या राज्यात तेथे उसाचे मळे होते आणि मळ्यांत आफ्रिकेतून पकडून आणलेले गुलाम राबत होते. १८३४ साली गुलामी रद्द झाल्याचा कायदा अमलात आला, पण ‘शिकाऊ’ म्हणून बांधून ठेवलेल्या लोकांना खरी मोकळीक मिळाली ती १ ऑगस्ट १८३८ ला. मोकळे झालेले लोक जुन्या मालकाच्या मळ्यात जुन्या अटींवर राबायला का तयार होतील? मालकांना स्वस्त हात हवे होते. ते त्यांनी हिंदुस्थानातून आणले. ३० मे १८४५ रोजी ‘फतेल रझाक’ नावाचे जहाज कलकत्त्याहून सव्वादोनशेच्या आसपास माणसे घेऊन तेथे लागले. १९१७ पर्यंत अशी सुमारे १ लाख ४३ हजार माणसे गेली. बहुतेक बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातली, काही मद्रासकडची. पाच वर्षांचा करार, राहायला बराकी, आणि मळ्याबाहेर जायचे तर जवळ चिठ्ठी हवी. आपल्याकडे उचल घेऊन, कोयता उचलून सहा-सहा महिने कारखान्यावर जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबांना यातले काही वेगळे समजावून सांगायला नको.

हे सगळे खाण्याच्या लेखात कशाला, असे कोणी म्हणेल. तर त्या बेटावरचे चांगले ते सगळे खाणे याच दोन तऱ्हेच्या माणसांच्या चुलीवर शिजले, म्हणून.

पहिला मान ‘डबल्स’चा. मैद्यात हळद घालून आंबवलेले पीठ, त्याचे हातावर थापलेले छोटे मऊ वडे. त्यांना तेथे ‘बारा’ म्हणतात. असे दोन बारा एकाला एक लागून कागदावर ठेवायचे, वर काबुली चण्याची पातळ रस्सेदार भाजी, त्यावर चिंचेची चटणी, काकडी, कैरीच्या किसाचे लोणचे म्हणजे ‘कुचेला’, आणि तिखट. कागदाचे टोक पिळून पुडी हातात येते, पण खरा खाणारा तेथेच उभा राहून, बोटांनी, एक बारा फाडून त्याने चणे उचलत खातो. ही भाजी बोटांवरून मनगटापर्यंत ओघळते. त्याची लाज बाळगायची नाही, शेजारी उभा असलेला साहेबही तसाच खात असतो.

तिखटाचे मात्र जपून. गाडीवाला विचारतो तेव्हा ‘स्लाइट’ म्हणायचे, म्हणजे थोडे. आम्ही कोल्हापूरचे, आम्ही वऱ्हाडचे, अशी फुशारकी तेथे चालत नाही. त्याच बेटावरच्या मोरुगा गावाच्या नावाची ‘स्कॉर्पियन’ मिरची २०१२ साली तिखटाच्या मोजणीत जगात पहिली ठरली होती.

डबल्स हे सकाळचे आणि रात्री उशिराचे खाणे. क्युरेप नाक्यावर, विमानतळाच्या आसपास, राजधानीतल्या आरियापिता रस्त्यावर गाड्या मिळतील. जिथे गर्दी आहे आणि कामावर जाणारे लोक उभे आहेत, तेथे उभे राहा. विकणाऱ्याने आरोग्य खात्याचा ‘फूड बॅज’ काढलेला असावा असा तेथे नियम आहे. तो दिसत नसेल तर विचारायला संकोच नको. किंमत अगदी थोडी, तेथल्या काही डॉलरांत पोट भरते, आणि अमेरिकेच्या एका डॉलरला तेथले पावणेसात डॉलर येतात.

डबल्स काही कोणा राजाच्या मुदपाकखान्यातून आले नाहीत. १९३६ च्या सुमारास प्रिन्सेस टाउन या दक्षिणेतल्या गावी इमामूल दीन आणि त्यांची पत्नी रसूलन यांनी ते विकायला सुरुवात केली. आधी चणे एकाच बाऱ्यावर मिळत. गिऱ्हाईके ‘डबल करा’ म्हणू लागली आणि तेच नाव पडले, असे सांगतात. आज बेटावर भारतीय वंशाचे लोक साधारण एक तृतीयांश, आफ्रिकन वंशाचे जवळजवळ तेवढेच, आणि बाकी बरेचसे मिश्र. डबल्सच्या गाडीपुढे सगळे एकाच रांगेत असतात.

या रांगेची सुरुवात जहाजावर झाली. तीन-तीन महिन्यांच्या प्रवासात एकाच भटारखान्यातले अन्न सगळ्यांना खावे लागले. कोणाचे ताट कोणाच्या सावलीपासून वाचवायचे, हे समुद्रावर कोण पाहत बसणार? बरोबर आलेले लोक एकमेकांना ‘जहाजी भाई’ म्हणू लागले आणि ते नाते पिढ्यान्‌पिढ्या टिकले. जातीची पकड तेथे ढिली झाली ती अशी. पार गेली असे मात्र समजू नये. पुरोहिताचा मान तेथेही उरला आणि लग्नाच्या वेळी कुळे विचारणारेही पुष्कळ काळ उरले. नुसत्या सहभोजनाने जात मरत नाही, हे बाबासाहेबांनी ‘जातिप्रथेचे विध्वंसन’मध्ये लिहिले ते १९३६ सालीच. डबल्सचेही साल तेच निघावे, हा एक योगायोग.

दुपारच्या जेवणाला रोटी. रोटीच्या दुकानात दोन प्रकार मिळतील. एक ‘दालपुरी’, म्हणजे शिजवून वाटलेली डाळ आणि जिरे भरलेली मोठी पातळ पोळी. आपल्या पुरणपोळीची तिखटामिठाची बहीणच म्हणा. तिच्यात बटाटा, चणे, कोंबडी किंवा बोकडाचा रस्सा घालून चौकोनी घडी करून देतात. दुसरी पराठ्यासारखी, पण तव्यावरच लाकडी उलथन्यांनी मारून मारून चिंध्या केलेली. तिला म्हणतात ‘बस-अप-शट’, म्हणजे फाटका शर्ट! सकाळी ‘सादा रोटी’ आणि वांग्याचे भरीत, ज्याला ते ‘बैगन चोखा’ म्हणतात. बेटावरच्या लोकांची भोजपुरी आता जवळपास विसरली गेली आहे, बोलणे सगळे इंग्रजीत. पण आलू, भाजी, बैगन, तवा, बेलना, मसाला हे शब्द चुलीपाशी जिवंत राहिले.

दक्षिणेत डेबे नावाचे गाव आहे. रस्त्याच्या कडेला ओळीने तळणीची दुकाने. तेथे ‘सहीना’ मागून खा. अळूच्या पानांना डाळीचे पीठ लावून, गुंडाळून, कापून तळलेले. माता-भगिनींनी ओळखले असेलच, ही आपली अळूवडी! जोडीला ‘फुलोरी’ म्हणजे डाळीच्या पिठाची गोल भजी, आणि चिंचेची किंवा आंब्याची चटणी.

हेच अळू आफ्रिकन घरांत वेगळ्या रीतीने शिजते. पाने, भेंडी, नारळाचे दूध, कधी खेकडा, सगळे एकत्र घोटून केलेले ‘कॅलालू’ रविवारच्या जेवणात असतेच. आपले अळूचे फदफदे आठवेल.

आफ्रिकन चुलीवरच्या पदार्थांकडे जरा थांबून पाहावे. मळेवाल्यांना गुलामांचे पोट कमीत कमी पैशांत भरायचे होते. म्हणून उत्तरेच्या थंड समुद्रातला खारवलेला कॉड मासा, त्यातलाही हलका माल, बेटांवर येई. नीरफणसाची रोपे तर कॅप्टन ब्लाय या गोऱ्या खलाशाने १७९३ साली प्रशांत महासागरातून मुद्दाम सेंट व्हिन्सेंट आणि जमैकाला आणली, गुलामांना स्वस्त अन्न व्हावे म्हणून. डुकराचे चांगले मांस वाड्यावर, आणि पाय, शेपूट, आतडी खोपटात. ही वाटणी आपल्याला नवी नाही. वजडी, पाया आणि सुकट यांच्या वासाने ज्यांना शाळेत नाके मुरडलेली पाहावी लागली, त्यांना तिच्यातला अपमानही कळेल. पण त्या बायकांनी त्याच मालाचे काय केले पाहा. खारा मासा भिजवून, कुस्करून, कांदा-टोमॅटो-मिरची आणि तेलात कालवून ‘बुलजोल’ केले. डुकराचे पाय लिंबू, काकडी, मिरचीच्या पाण्यात मुरवून ‘साउस’ केले. गाईच्या खुरांचे दाट सूप केले. आज शनिवारी या सुपासाठी लोक भांडी घेऊन येतात, आणि मोठ्या हॉटेलांच्या न्याहरीत बुलजोल मानाने मांडलेले असते.

पोर्ट ऑफ स्पेनच्या मधोमध ‘क्वीन्स पार्क सव्हाना’ हे अफाट मैदान आहे. संध्याकाळी त्याच्या कडेला गाड्या लागतात. शहाळी तेथेच मिळतात, विकणारा कोयत्याने टोक उडवून देतो. मक्याची कणसे कापून घातलेले डाळीचे दाट ‘कॉर्न सूप’ही घ्यावे. लहान मुलांना तिखट न घालता मागा.

राजधानीहून डोंगर ओलांडला की तासाभराच्या आत मराकसचा किनारा. तेथले ‘बेक अँड शार्क’ जगप्रसिद्ध आहे, म्हणजे तळलेल्या फुगीर पावात तळलेला मुशी मासा, आणि वरून स्वतःच्या हाताने घालायच्या दहाबारा चटण्या. माझे मत विचाराल तर मुशीऐवजी किंगफिश म्हणजे आपली सुरमई मागावी. समुद्रातल्या मुशी जगभर कमी होत चालल्या आहेत, आणि चवीला सुरमई कुठेही कमी नाही.

आता पिण्याचे. बेटावर रमच्या दुकानांची उणीव नाही. ऊस तेथेच पिकायचा, मळीपासून रम व्हायची आणि मळ्यांच्या वस्तीला लागूनच गुत्ते असायचे. मजुरीचा दिवस संपला की हातातला पैसा पुन्हा उसाकडेच परत. कितीतरी बराकींतली घरे त्यात बुडाली. आपल्या गिरणगावातल्या पगाराच्या दिवसाची ज्यांना आठवण आहे, त्यांना अधिक सांगत नाही. गंमत अशी, की सरकारी साखर कंपनी ‘कॅरोनी’ २००३ साली बंद झाली, पुढे ऊसही गेला, पण रम राहिली. ती आता बाहेरून आणलेल्या मळीवर चालते. आपण पंचशील म्हणणारी माणसे, तेव्हा रमच्या चवीबद्दल या स्तंभात काही मिळणार नाही. न पिणाऱ्याची मात्र त्या बेटावर मुळीच अडचण होत नाही.

‘सॉरेल’ प्या. लालभडक, आंबटगोड, लवंग-दालचिनी घातलेले हे नाताळातले सरबत म्हणजे आपल्या लाल अंबाडीच्या बोंडांचा काढा. भाजी आपण खातो आणि बोंडे बहुधा वाया घालवतो, हे वाचून कोणी घरी करून पाहिले तर कळवावे. (घरगुती सॉरेलमध्ये कधी रम मिसळतात, आधी विचारून घ्या.) ‘मॉबी’ हे झाडाच्या सालीचे पेय. पहिला घोट गोड, मागून कडू. काहींना ते कधीच आवडत नाही. शेंगदाण्याचे दाट ‘पीनट पंच’ मुलांना आवडेल, आणि आल्याचे ‘जिंजर बिअर’ नावाला बिअर असले तरी बहुतेक वेळा आल्याचे सरबतच असते.

तेथल्या लोकांचा खरा छंद म्हणजे ‘लाइम’. काही काम न काढता चार माणसांनी जमून बसणे, खाणे, गप्पा मारणे. रविवारी कुटुंबेच्या कुटुंबे पातेली घेऊन कौरासारख्या नदीकाठी जातात आणि तेथेच चूल पेटवून बदकाचा रस्सा शिजवतात. कोणी ओळखीचे निघाले आणि ‘या’ म्हणाले तर जरूर जा. रिकाम्या हाताने जाऊ नका, एवढेच.

एक सावधगिरी. देशात गुन्हेगारी वाढलेली आहे. २०२४ च्या डिसेंबरअखेर आणि पुन्हा २०२५ च्या जुलैत तेथे आणीबाणी पुकारावी लागली. अंधार पडल्यावर अनोळखी भागात चालत फिरू नका, माहितीची टॅक्सी घ्या आणि दागिने घरी ठेवून जा.

शेवटचे दोन दिवस टोबॅगोसाठी ठेवा. विमानाने अर्ध्या तासाच्या आत, बोटीने चारेक तास. विमानतळापासून चालत जाण्याइतका जवळ ‘स्टोअर बे’चा किनारा आहे. तेथे बायकांनी चालवलेल्या छोट्या खानावळी ओळीने आहेत, पाट्यांवर ‘मिस अमुक’, ‘मिस तमुक’. मागायचे ते नारळाच्या रश्श्यातले खेकडे आणि कणकेचे चपटे ‘डंपलिंग’. कोकणातल्या माणसाला सांगायला नको, घाटावरच्यांनी मात्र काटे-चमचे बाजूला ठेवावेत, नांगी दातांनी फोडावी आणि पांढरा सदरा घालून जाऊ नये. दुपारी लवकर गेलेले बरे, उशिरा जाणाऱ्याला पातेल्याचा तळ दिसतो.