श्रमनिद्रेचा हक्क

उतारवयात माणसाने आपली गती कमी करावी, मुलानातवंडांत अधिक काळ बसावे आणि साध्या सुखांत मन रमवावे, एवढे सौम्य विधान केले तरी त्यावर हल्ली दोन बाजूंनी प्रहार होतात. उद्योगाचे अभिमानी म्हणतात की साठी उलटल्यावर स्वस्थ बसणे म्हणजे जिवंतपणीच निवृत्तीच्या नावाखाली निरुपयोगी होणे होय. म्हणून सकाळी संस्थेची सभा, दुपारी सल्लागारी, संध्याकाळी नवी विद्या असा कार्यक्रम आखून वृद्धाने स्वतःला अखंड जुंपून घ्यावे. विरक्तीचे अभिमानी याच्या नेमके उलट टोक धरतात. त्यांच्या मते कुटुंबात गुंतून राहणे हाच मोह असून, सुनेच्या स्वयंपाकाची आणि नातवाच्या अभ्यासाची चौकशी करणाऱ्या म्हाताऱ्याने वानप्रस्थाचा क्रम मोडलेला असतो. परस्परांशी कधीही न पटणारे हे दोन पक्ष एका गोष्टीवर मात्र एकमत आहेत : घराच्या ओसरीवर संथपणे बसलेला वृद्ध त्या दोघांनाही खपत नाही. त्या वृद्धाचे वकीलपत्र घेऊन मी हे लिहीत आहे, आणि माझी साक्ष मी माझ्या धाराशिव जिल्ह्यातूनच काढणार आहे.

उद्योगवाद्यांनी प्रथम तुळजापुरास यावे. ज्या देवीने महिषासुराचा वध केला, जिच्यापाशी महाराष्ट्रातील असंख्य घराण्यांचे कुलाचार बांधलेले आहेत, तिच्या वार्षिक दिनक्रमात विश्रांती हा अपवाद नसून विधी आहे. शारदीय नवरात्रापूर्वी भाद्रपद वद्य अष्टमीपासून देवी मंचकी निद्रा घेते. दसऱ्याचे सीमोल्लंघन झाले, बुऱ्हाणनगरहून आलेल्या पालखीतून मूर्तीची प्रदक्षिणा झाली, की ती पुन्हा पलंगावर निजते व आश्विन पौर्णिमेपर्यंत सिंहासनावर परतत नाही. आणि पौषात शाकंभरी नवरात्राच्या आधी तिसऱ्यांदा निद्रा असते. दसऱ्यानंतरच्या त्या निद्रेला पुजारी आणि भाविक श्रमनिद्रा म्हणतात. युद्ध संपल्यावर देवीने लगेच दुसरे युद्ध शोधावे, अशी अपेक्षा कोणी भक्ताने आजवर केलेली नाही. उलट त्या पाच दिवसांत तिची झोप मोडू नये म्हणून सारा पुजारीवर्ग दक्ष असतो. जी सवलत आपण जगन्मातेला श्रद्धापूर्वक देतो, ती चाळीस वर्षे कुळव आणि पाभर हाकून पाठीचा कणा वाकलेल्या बापाला देताना आपल्याला संकोच का वाटावा?

शिवाय विश्रांतीत काहीच घडत नाही, हा या पक्षाचा मूळ भ्रम आहे. आमचा जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि शेजारची बार्शी मात्र इंग्रजी व नंतर भारत सरकारच्या अमलात होती. रझाकारांच्या जुलमाच्या दिवसांत इकडची कितीतरी कुटुंबे रातोरात सरहद्द ओलांडून तिकडे आश्रयाला गेली. कोणाच्या आजीने कडेवर मूल घेऊन कोणत्या ओढ्याने वाट काढली, कोणत्या घराने परक्या जातीच्या माणसांना आपल्या माळवदावर लपविले, हा इतिहास कोणत्याही सरकारी दप्तरात सापडत नाही. तो आजे-पणजे यांच्या तोंडून नातवांकडे आला, आणि तोही एका बैठकीत, ठरलेल्या वेळी आला नाही. शेंगा फोडता फोडता, वाकळेत पडल्या पडल्या, मधेच विसरत आणि पुन्हा आठवत तो आला. घाईच्या माणसाला असे सांगता येत नाही, आणि घाईच्या माणसाला कोणी असे विचारीतही नाही. बांधाचा जुना कज्जा असो, दोन भावांच्या वाटणीतील अढी असो की माहेरी रुसून आलेली लेक असो, ज्याला कोठेही जायचे नाही अशा माणसापाशीच या गोष्टींचा उलगडा होतो. हे काम कोणत्याही हजेरीपटावर चढत नाही, म्हणून ते काम नव्हे असे ठरविणे हा मला शुद्ध अन्याय वाटतो.

आता विरक्तिवाद्यांकडे वळतो. त्यांना मी तेरला नेतो. तेरणेच्या काठचे हे गाव प्राचीन काळी तगर या नावाने प्रसिद्ध होते आणि तेथील माल समुद्रापलीकडे रोमपर्यंत जात असे. परंतु महाराष्ट्राच्या अंतःकरणात ते राहिले आहे ते गोरा कुंभारामुळे. ज्ञानदेव, नामदेव, मुक्ताबाई या तरुण मंडळीत वयाने वडील असा हा गोरोबाकाका. कोणाचे मडके पक्के आणि कोणाचे कच्चे याची थापटण्याने परीक्षा करण्याचा मान त्या मंडळीने त्यालाच दिला. हा परीक्षक अरण्यात गेलेला नव्हता. त्याचे चाक, त्याचा आवा, त्याचे घर तेरमध्येच होते आणि त्याची समाधीही तेथेच आहे. इतकेच नव्हे, तर परंपरेने त्याच्या चरित्रातील जी सर्वांत दारुण घटना सांगितली आहे, ती म्हणजे चिखल तुडविताना भजनाच्या तंद्रीत पायांखाली गेलेले स्वतःचे मूल. ही कथा सहसा भक्तीच्या तीव्रतेचे उदाहरण म्हणून सांगितली जाते आणि तसे सांगणाऱ्यांविषयी मला आदर आहे; तथापि मला तिच्यात एक कठोर सूचनाही ऐकू येते. ध्येय कितीही उदात्त असले, तरी त्याच्या धुंदीत जवळचे मूल दिसेनासे होऊ शकते. विरक्तीच्या नावाने नातवाकडे पाठ फिरविणाऱ्याने ती कथा पुन्हा एकदा, त्या मुलाच्या आईच्या शेजारी बसून ऐकावी.

येथवर खंडन झाले. परंतु साधे सुख म्हणजे काय, हे केवळ वादाने सिद्ध होत नाही. त्यासाठी येळवस पाहावी लागते. मार्गशीर्षाच्या अमावास्येला, म्हणजे दर्शवेळा अमावास्येला, धाराशिव आणि लातूरकडची गावे ओस पडतात, कारण झाडून सारी माणसे शेतात गेलेली असतात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारायची, तिच्यात चुन्याने रंगविलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि आंबील पिकात शिंपायची. मग जेवण : हरभरा, वाटाणा, तूर यांचे ओले दाणे आणि हाताला लागेल ती भाजी बेसनात शिजवून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी, आणि ताकात ज्वारीचे पीठ आंबवून केलेली थंडगार आंबील. यात विकत आणण्याजोगे फारच थोडे आहे. जे काही आहे ते शेताने, गोठ्याने आणि अवधीने दिलेले आहे, कारण घाईत केलेली आंबील आंबतच नाही. त्या दिवशी वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाताला धरून जेवायला बसवितात. आणि या साऱ्या सोहळ्याचा सूत्रधार कोण असतो? कोपीचे तोंड कोणत्या दिशेला, पहिला नैवेद्य कोणी दाखवायचा, कोणत्या व्याह्याला बोलावणे राहून गेले, हे सारे ठाऊक असणारी घरातील सर्वांत वृद्ध व्यक्ती. वर्षभर जिला आपण निवृत्त समजतो, तिच्यावाचून वर्षातील सर्वांत सुखाचा हा दिवस पारच पडत नाही.

मात्र एक तिसरा आक्षेप आहे, आणि तो मी वर मुद्दामच मांडला नाही, कारण तो शत्रूचा नसून हितचिंतकाचा आहे. तो असा की, हा सारा संथपणा खात्यापित्या घरांचा आहे. गरिबाच्या वार्धक्याला साध्या सुखांची झालर लावणे म्हणजे त्याच्या हालांवर पांघरूण घालणे. हा आक्षेप मी शिरसावंद्य मानतो. भूम, वाशी, कळंब या भागांतून दसरा उलटला की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी, ज्यांना या धंद्यात नुसते ‘कोयता’ म्हणतात, पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे ऊसतोडीला जातात. मागे राहतात ती शाळेची मुले आणि म्हातारी माणसे. सत्तरीची आजी पाणी भरते, भाकरी थापते, शेळ्या सांभाळते आणि वरून नातवाच्या तापाची काळजी करते. तिला गती कमी करण्याचा उपदेश करणे ही क्रूरता होईल. पण यावरून निष्कर्ष कोणता काढायचा? विसावा ही चैन आहे म्हणून तो कोणीच मागू नये, असा नव्हे. तो प्रत्येकाचा हक्क आहे आणि या आजीपासून तो हिरावला गेला आहे, असाच काढला पाहिजे. तिचे नातवावरचे प्रेम खरे आहे. त्या प्रेमाला वेठबिगारीचे रूप देणारी व्यवस्था मात्र निषेधार्ह आहे.

सरकारने काहीच केले नाही, असे मी म्हणत नाही. श्रावणबाळ योजनेतून पासष्ट वर्षांवरील निराधारांना दरमहा १५०० रुपये मंजूर आहेत. २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आहे. आणि २००७ च्या कायद्यान्वये आईबापांना प्रांताधिकाऱ्यांपुढील न्यायाधिकरणात दरखास्त करून मुलांकडून दहा हजारांपर्यंत मासिक निर्वाह मागता येतो. पंधराशे रुपयांत एका जिवाचे औषधपाणीही नीट भागत नाही, तेव्हा ही रक्कम वाढली पाहिजे आणि ठरलेल्या तारखेला मिळाली पाहिजे. ऊसतोडीच्या गावांत मुलांसाठी हंगामी वसतिगृहे वेळेवर उघडली, तर पाण्याच्या घागरीबरोबर पोराच्या आजारपणाचा भार तरी आजीच्या एकटीच्या डोक्यावर राहणार नाही. ही मागणी सरकारकडे आहे.

दुसरी मागणी पुण्याला, चाकणला, मुंबईला गेलेल्या लेकांकडे आहे, कारण न्यायाधिकरण पैसा देववू शकते, सहवास देववू शकत नाही. येळवसीला येता, हे चांगलेच आहे. पण भर दुपारी मोटारीतून उतरून, भज्जी खाऊन, छायाचित्रे घेऊन, दिवस मावळण्यापूर्वी परत निघता. दोन दिवस आधी या. आंबिलीचे ताक तेव्हा विरजलेले असते, कोपीसाठी पेंढ्या तेव्हा वाहायच्या असतात, आणि वडिलांना जे सांगायचे आहे ते ते पहिल्या दिवशी सांगत नाहीत.