लिथियम घेणाऱ्याच्या सर्व औषधांची नोंद

सातपुड्यातील तोरणमाळच्या पठारावर येणाऱ्या पर्यटकाच्या स्मरणात यशवंत तलाव आणि सीताखाई राहतात. परंतु त्याच पठारावरून घाट उतरून शहाद्यापर्यंतची पन्नासएक किलोमीटरांची वाट ज्या पावरा किंवा भिल्ल कुटुंबाला मनोविकारग्रस्त आप्ताच्या औषधासाठी वारंवार तुडवावी लागते, त्याच्या दृष्टीने त्या अंतराचा अर्थ निराळा असतो, आणि त्या आप्ताला लिथियम चालू असेल तर ते अंतर प्रत्यक्ष जिवाशी निगडित होते.

१९४९ साली जॉन केड या ऑस्ट्रेलियन मनोविकारतज्ज्ञाने उन्मादावर या साध्या क्षाराचा गुण दाखवून दिला, आणि उन्माद व विषाद यांच्या आवर्तनांत सापडलेल्या असंख्य माणसांना त्याने पुन्हा संसारात आणले. मात्र उपकारक आणि विषारी मात्रांमधील सीमा इतकी अरुंद असलेली औषधे थोडी: रक्तात दर लिटरला साधारण ०.६ ते १ मिलिमोल हे प्रमाण हितकर, तर १.५ च्या पुढे विषबाधेची भीती.

शिवाय लिथियम बहुधा एकटे दिले जात नाही. हॅलोपेरिडॉलच्या जोडीने ते घेणाऱ्या चार रुग्णांच्या मेंदूला गंभीर अपाय झाल्याचे १९७४ साली प्रसिद्ध झाले. पुढे पुष्कळांनी हीच जोडी सुखरूपपणे घेतली, म्हणून ती निषिद्ध ठरली नाही, पण निगराणीची गरज मात्र कायम राहिली. कार्बामाझेपिनसोबत रक्तातील प्रमाण योग्य असतानाही कंप आणि संभ्रम उद्भवू शकतात. फ्लुओक्सेटिनसारख्या विषादावरील औषधांसोबत सिरोटोनिनचा अतिरेक होऊन ताप व अस्वस्थता येऊ शकते.

तरीही माझ्या मते अधिक जोखीम मनोविकारतज्ज्ञाच्या चिठ्ठीबाहेर आहे. ऊसतोडीसाठी गुजरातच्या मुलखात उतरलेला मजूर उन्हात घाम गाळतो, शरीरातील पाणी व मीठ घटते, आणि मूत्रपिंडे मिठाबरोबर लिथियमही रोखून धरू लागतात. अशात अंग दुखते म्हणून त्याने डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन घेतले, किंवा परमुलखातील डॉक्टरने रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी लिहून दिली, की रक्तातील लिथियम आणखी चढते. मग हात थरथरतात, उलट्या-जुलाब होतात, जीभ जड होते, तोल जातो. आणि मोहाची दारू प्यायला असेल, असा निर्णय देऊन बघणारे मोकळे होतात. या एका गैरसमजापायी उपचाराच्या मोलाच्या घटका वाया जातात, याचे मला अतिशय दुःख वाटते.

मानसिक आरोग्यसेवा हा प्रत्येकाचा हक्क असल्याचे २०१७ च्या कायद्याने मान्य केले आहे. त्या हक्काला सातपुड्यात अर्थ यावयाचा, तर लिथियमच्या रक्ततपासणीची तजवीज तोरणमाळ ज्यात येते त्या अक्राणी तालुक्यातच झाली पाहिजे, आणि प्रत्येक रुग्णाजवळ अशी एक वही असली पाहिजे की जिच्यात कोणत्याही डॉक्टरने दिलेले प्रत्येक औषध, मात्रा आणि शेवटच्या तपासणीचा आकडा नोंदलेला असेल, आणि जी स्थलांतराच्या गाठोड्यात त्याच्यासोबत जाईल. आशाताईंनी तिच्यातील सूचना पावरी बोलीत समजावून सांगाव्यात.

औषधविक्रेत्यांना माझी विनंती आहे की वेदनाशामक गोळी देण्यापूर्वी लिथियम चालू आहे काय, एवढे विचारावे. आणि रुग्णांच्या आप्तांना आग्रहाचे सांगणे आहे की या भीतीने लिथियम परस्पर बंद करू नये, कारण ते एकाएकी सुटल्यास उन्माद उलटतो. कंप वाढला, उलट्या-जुलाब लागले किंवा तोल जाऊ लागला, तर मात्र पुढची मात्रा घेण्याआधी त्याच दिवशी दवाखाना गाठावा.