मायलेज किती देते?

विमानाचं रेडियल इंजिन छोट्या मोटारीत बसवणं हा शुद्ध मूर्खपणा आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी आज जाहीर भांडायचं ठरवलंय. शनिवार आहे, रिलीज सुखरूप पार पडलंय, आणि आठवडाभर हापिसात जेवणाच्या टेबलावर या विषयावरून माझी यथेच्छ टिंगल झालेली आहे. तेव्हा आता माझी पाळी.

विषय नवीन असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. मोटारीच्या इंजिनात सिलिंडर एका ओळीत उभे असतात. रेडियल इंजिनात ते मधल्या क्रँककेसभोवती, चाकाच्या आऱ्यांसारखे, गोलाकार बसवलेले असतात. सात असतात, नऊ असतात. दोन गोल एकामागे एक लावले तर चौदा. आपल्या वायुसेनेत २०१८ साली 'परशुराम' नावाचं जुनं डाकोटा विमान दुरुस्त होऊन परत आलं, त्याच्या दोन पंखांवर असली चौदा-चौदा सिलिंडरची इंजिनं आहेत. जगात काही वेडे लोक अशी इंजिनं मोटारीत बसवतात. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये एका १९३९ च्या प्लिमथ पिकअपमध्ये सात सिलिंडरचं जेकब्स इंजिन बसवलंय, बॉनेटच्या जागी सगळे सिलिंडर उघडे दिसतात.

हे ऐकल्यावर मराठी माणूस दोनच प्रश्न विचारतो. एक, उपयोग काय? दोन, मायलेज किती देते?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. काहीही देत नाही. पहिल्या प्रश्नाला मात्र मी सविस्तर उत्तर देणार आहे, कारण माझ्या मते आपल्याकडच्या इंजिनियरिंगचं निम्मं वाटोळं याच प्रश्नाने केलंय.

चला, कागदावर एक प्रयोग करू. गाडी घेऊ आपल्या सगळ्यांच्या घरातली, मारुती ८००. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जेमतेम ३७ हॉर्सपॉवर, सगळ्या गाडीचं वजन साधारण साडेसहाशे किलो. इंजिन घेऊ कॉन्टिनेंटल आर-६७०, बोइंगच्या स्टिअरमन या शिकाऊ वैमानिकांच्या विमानातलं. सात सिलिंडर, ११ लिटर, २२० हॉर्सपॉवर, वजन दोनशे किलोंच्या वर, व्यास सव्वा मीटरच्या आत. गाडीची रुंदी आहे १.४४ मीटर. म्हणजे आडवं मोजलं तर मावतं की! (चाकं आणि स्टिअरिंग कुठे ठेवायचं ते विचारू नका.)

आता खरी गंमत सुरू होते.

शक्ती जवळजवळ सहापट झाली, तर गाडी किती पळेल? मूळ गिअर तसेच ठेवले तर आधीपेक्षा हळू! कारण मारुतीचं इंजिन पूर्ण ताकद देतं ते मिनिटाला पाच हजार फेऱ्यांच्या आसपास, आणि आर-६७० देतं २०७५ फेऱ्यांना. त्याहून जोरात फिरवलं की प्रोपेलरच्या टोकांचा वेग फार वाढतो आणि त्याची कार्यक्षमता घसरते, म्हणून इंजिनच मुळात सावकाश फिरायला बनवलेलं. टॉप गिअरमध्ये गाडीचा वेग दोन-पंचमांशावर येईल. बरं, येईल कसला? हिशोब केला तर या इंजिनाचा टॉर्क सुमारे ७५५ न्यूटन-मीटर निघतो, मारुतीच्या जवळजवळ तेरापट. पहिल्या सिग्नलला क्लच सोडला की गिअरबॉक्सचे दात डांबरावर.

पुढे. या इंजिनाला मोटारीसारखं जड फ्लायव्हील नसतं, कारण ते काम प्रोपेलरच करतो. प्रोपेलर काढला की फ्लायव्हील तुम्ही बनवायचं. थंड कोण करतो? पुन्हा प्रोपेलरचा वारा आणि विमानाचा वेग. कर्वे रोडवर संध्याकाळी सात वाजता कसला वारा आणि कसला वेग! म्हणजे पंखा आला, त्याला वारा वळवणारे पत्रे आले. तेल? मोटारीत ते इंजिनाच्या तळाशी साठतं. इथे तळाशी सिलिंडर लटकलेले आहेत, त्यामुळे तेलाची टाकी वेगळी हवी आणि ते परत ओढून घ्यायला पंप हवा. एवढं करूनही इंजिन बंद ठेवलं की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत जमतं. तेल काही दाबलं जात नाही. तशात स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून जुन्या विमानांचे मेकॅनिक सुरू करण्याआधी प्रोपेलर हाताने फिरवून बघतात.

आता सांगा, यातली कोणती गोष्ट इंजिनावरच्या पाटीवर लिहिलेली असते? पाटीवर असतं २२० हॉर्सपॉवर. 'समोर प्रोपेलर आहे, वारा येतोय, कोणीतरी आधी हाताने फिरवलंय' ही गृहीतकं कुठेही छापलेली नसतात. इंजिन त्याच्या नेहमीच्या जागी असेपर्यंत ती दिसतही नाहीत. ते चुकीच्या जागी बसवायला घेतलं की एकेक बाहेर पडतात. आपल्या धंद्यातल्यांना हे वेगळं सांगायला नको. दहा वर्षं चाललेलं सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवर हलवलं की कोणी काय गृहीत धरलं होतं ते पहिल्या दिवशी कळतं, डॉक्युमेंट वाचून कधीच कळत नाही.

हाच तो उपयोग. चुकीच्या जागी इंजिन बसवणाऱ्याला इंजिन कळतं.

'हे वेड्यांचे खेळ, खरे इंजिनियर असलं करत नाहीत' म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास बघावा. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या ड्यूबूक गावी अ‍ॅडम्स-फारवेल कंपनी १९०० च्या दशकात मोटारी बनवत होती. त्यांच्या इंजिनाचे सिलिंडर गाडीच्या मागच्या भागात आडवे झोपवलेले, क्रँकशाफ्ट उभा आणि पक्का, आणि अख्खं इंजिनच त्याच्याभोवती फिरायचं. फिरता फिरता स्वतःला वारा घालून घ्यायचं! म्हणजे थंड करण्याचा प्रश्न त्यांनी तेव्हाच ओळखला होता.

इटलीत १९३५ साली ट्रॉसी-मोनाको नावाची ग्रां प्री गाडी बनली. नाकावर सोळा सिलिंडरचं रेडियल इंजिन, ४ लिटर, सुमारे २५० हॉर्सपॉवर, ओढणारी चाकं पुढची. मोंझाला चाचणी झाली आणि गाडी शर्यतीत उतरलीच नाही. जवळजवळ तीन-चतुर्थांश वजन पुढच्या चाकांवर आलं होतं, गाडी वळायलाच तयार नव्हती. आज ती तुरिनच्या मोटार संग्रहालयात आहे. लक्षात घ्या, संग्रहालयात आहे, भंगारात नाही. फसलेली गाडी जपून ठेवावी एवढी अक्कल त्या लोकांना आहे.

आणि उपयोगच हवा असेल तर हा घ्या. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकेचा शर्मन रणगाडा. हजारो शर्मनमध्ये नऊ सिलिंडरचं विमानी रेडियल आर-९७५ होतं, कारण तेवढ्या ताकदीचं ते इंजिन तयार होतं. इंजिन मागे, गिअरबॉक्स पुढे, आणि रेडियलचा क्रँकशाफ्ट गोलाच्या मध्यावर म्हणजे बराच वर. तिथून निघालेला दांडा सैनिकांच्या पायांखालून पुढे न्यायचा म्हणून रणगाड्याची उंची वाढली. तेल साठू नये म्हणून थंड इंजिन हाताने फिरवायचा नियम तिथेही होताच. उंच रणगाडा शत्रूला लांबून दिसतो हे खरं, पण तो वेळेवर कारखान्याबाहेर पडला हेही खरं. ज्यांना नको तिथे इंजिन बसवता येत होतं त्यांच्यामुळे ते जमलं.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे असं काही करायला घेतलं तर पहिला अडथळा पैशांचा नाही, कायद्याचा आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की गाडीत कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे अधोरेखित केलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने शिक्षाही आली: मान्यता नसलेल्या दर बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. सीएनजी किंवा विजेचं मान्यताप्राप्त किट लावायला वाट आहे. स्वतःच्या डोक्याने काही बनवायला नाही.

"बरोबरच आहे, रस्त्यावर लोक मरतील" असं तुम्ही म्हणाल. हा मुद्दा मला मान्य आहे, आणि तो हसण्यावारी न्यायचा नाही. १९२७ साली वेल्समधल्या पेंडाइनच्या वाळूवर जे. जी. पॅरी-थॉमस 'बाब्ज' नावाच्या गाडीत वेगाचा विक्रम करताना मेला, आणि तिच्यात २७ लिटरचं विमानाचं इंजिन होतं. रात्री अकरा वाजता बुलेटचा सायलेन्सर काढून फटाके वाजवत जाणाऱ्या वीरांची बाजूही मी घेत नाहीये. त्यांना खुशाल पकडा, दंड दुप्पट करा.

पण धोका आहे म्हणून तपासणी करायची, की विचार करायलाच बंदी घालायची? जर्मनीत बदललेली गाडी ट्यूफसारख्या संस्थेच्या तज्ज्ञापुढे उभी करता येते. तो ब्रेक बघतो, वेल्डिंग बघतो, आणि मगच हो किंवा नाही म्हणतो. ब्रिटनमध्येही एकेकट्या गाडीला स्वतंत्रपणे तपासून मान्यता देण्याची पद्धत आहे. आपल्याला तर तज्ज्ञ शोधायला परदेशी जायला नको, पुण्यात टेकडीवर एआरएआय बसलेली आहे! फी घ्या, कडक घ्या, दहातल्या नऊ गाड्या नापास करा. पण दहाव्या गाडीला दार तरी ठेवा.

दार नसल्याचा परिणाम मी रोज बघतो. माझ्या टीममध्ये सहा जण मेकॅनिकल इंजिनियर आहेत. हुशार पोरं. सहाही जण जावा लिहितात. त्यातल्या चौघांनी आयुष्यात एकदाही इंजिन उघडलेलं नाही. कॉलेजात होतं ते अर्धं कापून, रंगवून, काचेच्या पेटीत ठेवलेलं, हात लावू नये अशी पाटी लावून. चार वर्षं फी भरून पाटी वाचली. आणि तीच पोरं मला जेवताना विचारतात, रेडियल बसवून उपयोग काय?

बाबांनो, उपयोग इंजिनाचा नाही, तुमचा काढायचाय. क्रँकशाफ्टची उंची जुळत नाही म्हणून तीन रविवार ब्रॅकेट कापत बसलेला माणूस, आणि तेच आकडे परीक्षेत पाठ करून लिहिणारा माणूस, यातला कोण तुम्हाला उद्या शून्यातून काही बनवून देईल ते सांगा. आपण जगभराचं सॉफ्टवेअर लिहितो याचा मलाही अभिमान आहे. पण ते लिहायला आपण शिकलो कारण कॉम्प्युटर उघडून, बिघडवून, पुन्हा बसवायला आपल्याला कुणी सहा महिन्यांची कैद दाखवली नव्हती.

तेव्हा पुढच्या वेळी कोणी गॅरेजमध्ये भलतंच काही जोडत बसलेला दिसला तर मायलेज विचारू नका. थंड कसं करणार आहेस, एवढं विचारा. तो तासभर बोलेल, आणि बऱ्याच दिवसांनी तुम्हाला खरं इंजिनियरिंग ऐकायला मिळेल.