उतारवयाची तरतूद : जमीन की शेअर?

पुण्यास राहणाऱ्या आमच्या एका वाचक भगिनीने या सदराकडे एक प्रश्न पाठविला आहे. त्यांचे यजमान पुढील वर्षी खाजगी कंपनीतील नोकरीतून निवृत्त होत आहेत. पेन्शन म्हणण्यासारखे काही नाही. फंडाची व ग्रॅच्युइटीची रक्कम मात्र एकदम हाती येईल. दौंड तालुक्यातील राहू या गावी सासरची वडिलार्जित जमीन सामाईकात आहे व ती एक चुलत दीर कसतात. थोरल्या दिरांचे म्हणणे असे की, आलेल्या पैशातून त्याच गावी आणखी जमीन घ्यावी. मुलाचे म्हणणे याच्या उलट. आहे तो वाटाही विकावा आणि सारी रक्कम शेअरांत घालावी. दोन्ही पक्ष प्रेमाने बोलत आहेत, परंतु बाई विचारतात, 'आम्हां दोघांच्या पुढील पंचवीस वर्षांच्या भाकरीचे काय?'

प्रश्न एका घरचा नाही. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीतही १ नोव्हेंबर २००५ पासून नव्याने लागणाऱ्यांसाठी जुनी पेन्शन बंद झाली. महिन्याच्या पहिल्या तारखेस न चुकता येणाऱ्या रकमेवर ज्यांच्या वडिलांचे म्हातारपण गेले, त्या पिढीस आता स्वतःची पेन्शन स्वतःच उभारावयाची आहे.

प्रथम जमिनीचा विचार करू. भीमा आणि मुळा-मुठा यांच्या मधला, राहू बेट म्हणून ओळखला जाणारा हा पट्टा उसाचा व गुऱ्हाळांचा. अशा पाणथळ, काळ्या जमिनीचा मोह कोणास होणार नाही? परंतु ऊस पुण्यात बसून पिकत नाही. लागणीपासून तोडणीपर्यंत वर्ष-दीड वर्ष जाते. पाण्याची पाळी रात्री-अपरात्री धरावी लागते. तोडीची टोळी मिळवावी लागते. आणि गुळाचा भाव उतरला तर सारे गणित फिरते. हे सर्व चुलत दीर करतात. मालक म्हणून पुण्यास जे येते, ते त्यांच्या कष्टातून व त्यांच्या सद्भावनेतून येते. सद्भावना मोठी गोष्ट आहे, पण तिला पेन्शन म्हणता येत नाही.

आमच्या समाजास हा धडा नवा नसावा. १९४८ च्या मुंबई कूळकायद्यान्वये १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला आणि कसणारी कुळे जमिनीची मालक मानली गेली. नोकरी शहरात आणि जमीन गावी अशी ज्यांची स्थिती होती, त्या कित्येक घरांचे खंडाचे उत्पन्न त्या कायद्याने संपले. कायद्याने ठरविलेली किंमत हप्त्याहप्त्याने मिळाली. जो राबतो त्याची जमीन, हे तत्त्व न्याय्यच होते. परंतु ज्या घराचे वर्ष त्या खंडावर निघत होते, त्याच्या चुलीस न्यायाने सरपण पुरविले नाही. शहरातील वाड्यांचेही तेच झाले. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाण धरले, आणि ज्या वाड्याच्या भाड्यावर म्हातारपण काढावयाचे, त्याचे कौलही त्या भाड्यात शाकारता येईना. पुढे १९९९ चा नवा कायदा आला व वर्षास शेकडा ४ वाढीची मुभा मिळाली. तोवर अनेक मालक निघून गेले होते. आजही पुण्यात फ्लॅट घेऊन भाड्याने दिला तर त्याच्या किमतीच्या शेकडा दोन-तीनच हाती पडतात. त्यातून घरपट्टी, दुरुस्ती आणि रिकामे महिने वजा जातात.

मग मुलाचे म्हणणे बरोबर म्हणावे काय? शेअरांच्या बाजूने बोलणारा मनुष्य अमळनेरचे नाव घेतल्यावाचून राहत नाही. १९४५ च्या डिसेंबरात तेथे वनस्पती तेलाची एक कंपनी स्थापन झाली. तीच पुढे 'विप्रो' म्हणून प्रसिद्धीस आली. गावातील ज्या कुटुंबांनी तिचे शेअर न विकता जपले, त्यांचे नशीब उघडले. गोष्ट खरी आहे. परंतु २००९ च्या जानेवारीत 'सत्यम' कंपनीचे हिशेब खोटे असल्याचे उघडकीस आले आणि नावाजलेल्या कंपनीचा शेअर काही तासांत मातीमोल झाला, हीही गोष्ट खरीच आहे. आपल्या पेटीतील कागद अमळनेरचा ठरेल की सत्यमचा, हे पंचवीस वर्षे आधी कोण सांगणार?

एका कंपनीचे सोडून सबंध बाजाराकडे पाहू. मुंबई शेअरबाजाराचा निर्देशांक १९७९ च्या आरंभीच्या १०० वरून जुलै २०२४ मध्ये ८०,००० च्या वर गेला. म्हणजे पंचेचाळीस वर्षे वर्षास शेकडा सोळाच्या आसपास वाढ. पण याच निर्देशांकाची आणखी एक नोंद आहे. एप्रिल १९९२ मध्ये तो साडेचार हजारांच्या जवळ होता. अकरा वर्षांनी, एप्रिल २००३ मध्ये, तीन हजारांच्या आसपास. १९९२ च्या त्या वसंतात निवृत्त होऊन ज्याने सारा फंड बाजारात घातला असेल, त्यास वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी मूळ रक्कमही दिसली नसती. थांबणे त्यासच परवडते, ज्याची चूल शेअर विकून पेटत नाही.

म्हणून आम्ही असे म्हणतो की, जमीन श्रेष्ठ की शेअर, हा वादच अपुरा आहे. उतारवयाच्या धनास तीन कसोट्या लावाव्यात. त्यातून खर्चापुरते उत्पन्न ठरल्या वेळी येते काय? आजारपणात थोडासा भाग मोडता येतो काय? आणि हातपाय थकल्यावर, दुसऱ्याची मनधरणी न करता, त्याची देखरेख करता येते काय? जमीन पहिल्या व तिसऱ्या कसोटीस उतरत नाही. आणि गुंठाभर जमीन विकून रुग्णालयाचे बिल भागविता येत नाही, म्हणून दुसऱ्या कसोटीसही नाही. शेअर दुसऱ्या व तिसऱ्या कसोटीस उतरतात, पहिलीस मात्र नाहीत. बँकेतील ठेव तिन्हींस उतरते, परंतु महागाई तिला कुरतडते. वर्षास शेकडा ६ महागाई धरली तर साठाव्या वर्षी शंभर रुपयांत भागणाऱ्या खर्चास ऐंशीव्या वर्षी तीनशे वीस लागतील.

यावरून आमचा सल्ला असा. राहते घर दोघांच्या नावे असावे व ते हयातीत कोणासही लिहून देऊ नये. पहिल्या दहा वर्षांचा घरखर्च बँकेच्या मुदत ठेवींत व पोस्टाच्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवावा. त्या योजनेचे व्याज दर तिमाहीस मिळते. त्यापलीकडची, दहा वर्षे हात लावावा लागणार नाही एवढीच रक्कम, निर्देशांकातील सर्व कंपन्यांत वाटून गुंतविणाऱ्या फंडात, एकदम नव्हे तर दोन-तीन वर्षांत हप्त्याहप्त्याने घालावी. शेजाऱ्याने कानात सांगितलेला एकही शेअर घेऊ नये.

राहूच्या जमिनीत नवा पैसा घालू नये. पण मुलाच्या म्हणण्याप्रमाणे ती घाईने विकूही नये. तिच्यावर चुलत दिरांचा संसार उभा आहे. शिवाय २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलार्जित मिळकतीत मुलींचाही समान हक्क असल्याने नणंदांच्या संमतीवाचून व्यवहार निर्वेध होणार नाही. आणि शेतकरी नसलेल्यास महाराष्ट्रात शेतजमीन सहजी घेता येत नाही. शेवटचा तुकडा विकला की परतीची वाट जवळजवळ बंद. सर्व वारसांनी एकत्र बसून सातबारावरील नावे आधी नीट करावीत. विकावयाचेच ठरले तर जो कसतो त्यास प्रथम विचारावे, आणि बाजारभावाहून थोडे कमी मिळाले तरी सोसावे. नाते हीसुद्धा म्हातारपणाची तरतूद आहे.

शेवटी एक गोष्ट घरोघरच्या गृहिणींस सांगावयाची. सात वर्षे लागोपाठ लाभांश कोणी मागितला नाही तर ते शेअर कायद्याने सरकारी निधीकडे वर्ग होतात, व परत मिळविण्यास अर्ज-विनंत्या कराव्या लागतात. कागदी शेअर डीमॅट केल्यावाचून १ एप्रिल २०१९ पासून विकताही येत नाहीत. सासऱ्यांच्या पेटीत असे कागद पिवळे पडत असतील तर ते या महिन्यातच बाहेर काढावेत. कोणते खाते कोठे आहे, वारस म्हणून कोणाचे नाव लावले आहे, हे एका वहीत स्वच्छ अक्षरांत लिहावे, आणि ती वही यजमानांच्या कपाटात नव्हे, तर दोघांचाही हात पोचेल अशा जागी ठेवावी. पुष्कळ घरांत धन असते. ते कोठे आहे हे ठाऊक असलेले माणूस तेवढे आधी निघून जाते.