खोलीत असलेल्यांच्या बखरी

थ्रेड. विषय : सत्तेच्या आत वावरलेल्यांनी दहशतवादावर लिहिलेली पुस्तके, आणि ती वाचताना आपण गमावून बसतो ती शिस्त. लांब आहे, सवडीने वाचा.

ऑगस्ट 2024 च्या अखेरीस आयसी-814 विमानाच्या अपहरणावरील मालिका आली आणि अपहरणकर्त्यांची 'भोला' व 'शंकर' ही नावे ऐकून गदारोळ उठला. नावे मुद्दाम बदलली, हा कट आहे, असे अनेकांनी ठामपणे लिहिले. त्यांत इतिहासाचे विद्यार्थी म्हणवणारेही होते. वादाचा निकाल एका जुन्या कागदाने लावला. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या 6 जानेवारी 2000 च्या निवेदनात पाचही जणांची खरी नावे होती आणि विमानात ते एकमेकांना ज्या नावांनी हाक मारीत तीही होती : चीफ, डॉक्टर, बर्गर, भोला, शंकर. ज्यांना वाचायचे होते त्यांच्यासाठी प्रश्न तिथेच मिटला.

मग याच घटनेतले त्याहून कितीतरी मोठे प्रश्न पंचवीस वर्षे उलटूनही का मिटत नाहीत? अमृतसरला सुमारे पाऊण तास उभे असलेले विमान का अडवले गेले नाही? तिघांना सोडण्याला दिल्लीत कुणी संमती दिली आणि कुणी विरोध केला? या प्रश्नांचे कागद आपल्यापुढे नाहीत. आपल्यापुढे आहेत ती आत्मचरित्रे, आणि ती आपण पोथीसारखी वाचतो.

आमच्या वाचनगटात हा विषय निघाला तेव्हा एकाने अडवाणींचे पुस्तक आणले, दुसरीने दुलत यांचे. दोन तास चर्चा झाली. कोणते पान कुणी, कधी आणि कशासाठी लिहिले, हा प्रश्न त्या दोन तासांत एकदाही निघाला नाही. मीही तो काढला नाही. "ते स्वतः खोलीत होते" एवढ्या एका वाक्यावर सगळ्यांची बोलती बंद होत होती.

गंमत अशी की याच मंडळींपुढे पानिपतासाठी भाऊसाहेबांची बखर ठेवा. सगळे क्षणात राजवाडे होतात. तंबूतले संवाद बखरकाराने ऐकले कधी? पत्रव्यवहार काय सांगतो? काशीराज पंडित शुजाउद्दौल्याच्या छावणीत होता हे खरे, पण त्याने हकिगत लिहिली ती 1780 च्या सुमारास, म्हणजे लढाईनंतर जवळजवळ दोन दशकांनी, हेही आपण बजावून सांगतो. 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढून राजवाड्यांनी अस्सल पत्रांपुढे बखरी तपासून घेण्याची जी सवय लावली, ती आपण अठराव्या शतकापुरती राखून ठेवली आहे. 1999 आले की आपण पुन्हा बखरकाराच्या पायाशी बसतो.

आता पुस्तकांकडे वळू. आधी घटनेचा सांगाडा : 24 डिसेंबर 1999 रोजी काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान अमृतसर, लाहोर, दुबई असे करीत कंदाहारला पोहोचले. अपहरणकर्त्यांची सुरुवातीची मागणी छत्तीस कैदी, वीस कोटी डॉलर आणि सज्जाद अफगाणीचा मृतदेह अशी होती. विवेक काटजू, अजित डोवाल, सी. डी. सहाय या वाटाघाटी करणाऱ्यांनी ती तीन कैद्यांवर आणली. 31 डिसेंबरला मसूद अझहर, उमर शेख आणि मुश्ताक झरगर सुटले. परराष्ट्रमंत्री जसवंत सिंह त्याच विमानाने कंदाहारला गेले. अझहरने 2000 च्या आरंभी 'जैश-ए-मोहम्मद' उभी केली. उमर शेखचे नाव 2002 मध्ये डॅनिएल पर्ल यांच्या अपहरण व हत्येच्या खटल्यात आले. त्या खोलीत काय ठरले, हा प्रश्न म्हणूनच केवळ कुतूहलाचा नाही.

जसवंत सिंहांचे 'अ कॉल टू ऑनर' 2006 चे. आरंभी आपण कोणत्याही तडजोडीच्या विरोधात होतो आणि दिवस सरत गेले तसे मत बदलले, असे ते सांगतात. प्रामाणिक वाटणारा कबुलीजबाब आहे. पण मत नेमके कोणत्या बैठकीत, कुणाच्या युक्तिवादाने बदलले हे त्यातून हाती लागत नाही. याच पुस्तकात नरसिंह रावांच्या काळी पंतप्रधान कार्यालयातून अमेरिकेला अणुकार्यक्रमाची माहिती पुरवणारा हेर होता, असाही दावा आहे. नाव विचारले तेव्हा ते मिळाले नाही, आणि पुरावा म्हणून पुढे केलेल्या पत्रावर सही नव्हती. खोलीत असलेला माणूससुद्धा ऐकीव गोष्ट साक्षीसारखी लिहू शकतो.

अडवाणींचे 'माय कंट्री माय लाइफ' मार्च 2008 चे. डिसेंबर 2007 मध्ये त्यांच्या पक्षाने त्यांना पंतप्रधानपदाचे उमेदवार जाहीर केले होते, म्हणजे पुस्तक आले ते त्यानंतर तीन महिन्यांनी. कणखर गृहमंत्री ही त्यांची प्रतिमा होती आणि कंदाहार हा त्या प्रतिमेवरचा सर्वांत मोठा डाग. आपण सुरुवातीस अदलाबदलीस अनुकूल नव्हतो, असे पुस्तकात आहे. जसवंत सिंह त्या विमानाने जाणार हे आपल्याला ठाऊक नव्हते, असे त्यांनी त्याच सुमाराच्या मुलाखतीत सांगितले. तत्कालीन संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी त्याला छेद दिला : निर्णयाच्या बैठकीस अडवाणी हजर होते. ऑगस्ट 2009 मध्ये पक्षातून काढले गेल्यावर जसवंत सिंहांनीही अडवाणींचे म्हणणे खोडून काढले. म्हणजे सुरक्षाविषयक मंत्रिमंडळ समितीचे तीन सदस्य आणि एका बैठकीच्या न जुळणाऱ्या हकिगती. एकाने उमेदवार म्हणून सांगितले, एकाने हकालपट्टीनंतर. दोघांच्याही साक्षीवर वेळेची छाया आहे.

अमरजितसिंग दुलत यांचे 'काश्मीर : द वाजपेयी इयर्स' 2015 चे. अपहरणाच्या वेळी ते 'रॉ'चे प्रमुख होते आणि दिल्लीतल्या आपत्कालीन व्यवस्थापन गटात बसत होते. अमृतसरला विमान अडवण्याचा निर्णय घ्यायला कुणीच पुढे आले नाही, असे ते लिहितात, आणि तो दोष स्वतः ज्या गटात होते त्या गटाच्या पदरी घालतात. लेखकाच्या हिताविरुद्ध जाणारे विधान बाकीच्यांपेक्षा अधिक वजनाचे धरावे, हा साधा नियम लावला तर तिन्ही पुस्तकांत माझ्या मते हा भाग सर्वांत मोलाचा ठरतो.

सोडायच्या तिघांपैकी दोघे जम्मू-काश्मीरच्या तुरुंगांत होते. मुख्यमंत्री फारूक अब्दुल्लांची मनधरणी करायला दुलत यांनाच पाठवले गेले, आणि फारूक किती संतापले होते हे त्यांनी सविस्तर लिहिले आहे. दहा वर्षांपूर्वी, डिसेंबर 1989 मध्ये, रुबैया सईद यांच्या सुटकेसाठी पाच जणांना सोडले गेले तेव्हाही मुख्यमंत्री फारूकच होते आणि तेव्हाही त्यांचा विरोध होता. प्रसंग चटका लावणारा आहे. तरीही सावध राहा : दुलत फारूक यांचे स्नेही आहेत, आणि आपण काश्मिरात सर्वांशी बोलू शकणारा माणूस होतो हे त्यांच्या पुस्तकाचे मुख्य सूत्र आहे. हा प्रसंग त्या सूत्रात फारच नेमका बसतो.

"म्हणजे सगळेच आपापली पाठ राखतात, मग वाचायचे कशाला?" असे म्हणणारा दुसरा गट. हा गट स्वतःला चिकित्सक समजतो, पण मला तो पहिल्याइतकाच आळशी वाटतो. बखरी राजवाड्यांनी जाळल्या नाहीत, पत्रांपुढे ठेवल्या. आतल्या माणसाचे पुस्तक हा दावा असतो, आणि दाव्याचे खरे काम कागद बाहेर काढायला लावणे हे असते.

अमेरिकेत ते झाले. बुश प्रशासनात दहशतवादविरोधी कामाचे समन्वयक असलेल्या रिचर्ड क्लार्क यांचे 'अगेन्स्ट ऑल एनिमीज' मार्च 2004 मध्ये आले. 11 सप्टेंबरपूर्वी अल-कायदाचा धोका गंभीरपणे घेतला गेला नाही, हा त्यांचा आरोप. सूड उगवतोय, पुस्तक विकतोय, असा मारा त्यांच्यावरही झाला, आणि निवडणुकीच्या वर्षात तो होणारच होता. पण 24 मार्चला त्यांनी चौकशी आयोगापुढे शपथेवर साक्ष दिली, 8 एप्रिलला कोंडोलिझा राइस यांना द्यावी लागली, आणि 10 एप्रिलला 6 ऑगस्ट 2001 चे ते गुप्त टिपण खुले झाले, ज्याच्या मथळ्यातच बिन लादेनचा अमेरिकेत हल्ल्याचा निर्धार नोंदला होता. क्लार्क प्रत्येक बाबतीत बरोबर ठरले असे मी म्हणत नाही. त्यांचे म्हणणे तपासता आले, एवढेच.

आपल्याकडे कारगिलसाठी के. सुब्रह्मण्यम समिती बसली आणि तिचा अहवाल, काही भाग वगळून का होईना, फेब्रुवारी 2000 मध्ये संसदेत आला. कंदाहारचा फौजदारी खटला चालला, शिक्षाही झाल्या. पण खटल्याचा प्रश्न अपहरण कुणी केले हा असतो. मंत्र्यांनी काय ठरवले हा नसतो.

कायदा काय म्हणतो? माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(3) नुसार वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती द्यावी लागते, पण राष्ट्रीय सुरक्षा आणि मंत्रिमंडळाचे कागद या सवलती तिथेही कायम राहतात. 'रॉ' आणि गुप्तवार्ता विभाग दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे बहुतांशी कायद्याच्या बाहेरच. मात्र कलम 8(1)(आय) चे परंतुक अनेकांनी वाचलेलेच नसते : निर्णय होऊन विषय पूर्ण झाल्यावर मंत्रिमंडळाचा निर्णय, त्याची कारणे आणि ज्या आधारावर तो घेतला ती सामग्री, इतर अपवाद सांभाळून, खुली करावी. 31 डिसेंबर 1999 चा विषय अजून पूर्ण झाला नसेल, तर तो कधी होणार?

आणि बखरींचीही वाट अरुंद झाली आहे. 31 मे 2021 रोजी निवृत्तिवेतनाचे नियम बदलले. गुप्तचर व सुरक्षा संस्थांच्या निवृत्त अधिकाऱ्यांना आपल्या संस्थेच्या कार्यक्षेत्राविषयी काहीही छापण्यापूर्वी संस्थाप्रमुखाची परवानगी घेणे बंधनकारक झाले. गुपिते सांभाळावीत, यावर माझा वाद नाही. पण निवृत्तिवेतनाचा हा नियम मंत्र्यांना लागू नाही. चूक मान्य करणारे पान वरच्या तीन पुस्तकांत अधिकाऱ्याने लिहिले होते. यापुढे तशा पानाला परवानगी लागेल, आणि उमेदवाराच्या आत्मचरित्राला लागणार नाही.

ज्यांच्याकडे ही तिन्ही पुस्तके असतील त्यांनी 24 डिसेंबरच्या संध्याकाळची पाने समोरासमोर ठेवून पाहावीत, आणि कोण कोणत्या वेळी कुठे होते याचा तक्ता करावा. माझा अर्धा झाला आहे. अमृतसरच्या पाऊण तासातच सर्वाधिक रिकामे रकाने आहेत. माझ्या वाचनात चूक आढळली तर आवृत्ती आणि पृष्ठक्रमांकासह कळवा. "ते तिथे होते" असे नुसते लिहू नका.