शस्त्रपूजन झाले, शस्त्रव्रताचे काय?

खंडेनवमीला आपल्याकडे शस्त्रे पूजली जातात. हळदकुंकू वाहिले जाते, झेंडूची माळ घातली जाते आणि मग शस्त्र कपाटात जाते ते थेट पुढच्या नवरात्रापर्यंत. ज्यांच्यापाशी पिस्तुलाचा रीतसर परवाना आहे, अशा मोजक्या गृहस्थांचीही बहुधा हीच तऱ्हा. परंतु संकट काही पंचांग पाहून येत नाही. ऐनवेळी हाताशी नसलेले शस्त्र ही केवळ पूजेची वस्तू होय.

हे नि:शस्त्रपण आपल्या स्वभावातून आलेले नाही. ते लादले गेले आहे. १८७८ साली लिटनच्या राजवटीने शस्त्र कायदा केला. युरोपीयांना त्यातून सूट, हिंदी माणसाला परवान्याची सक्ती! अहिंसेचे उपासक गांधीजी यांनीही एका संपूर्ण राष्ट्राला नि:शस्त्र करणारा हा कायदा इंग्रजांच्या दुष्कृत्यांतील सर्वांत काळा मानला होता. १९३१च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत गणला. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी त्या हक्काचा आग्रह धरला. तो मान्य झाला नाही. पुढे १९५९चा कायदा आला. साहेब गेला, साहेबाचा संशय मात्र उरला.

भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ प्रत्येक नागरिकाला स्वसंरक्षणाचा हक्क देतात. पण साधन मागायला गेलेल्या सज्जनाला आधी जिवाला धोका असल्याचे सिद्ध करावे लागते. निवडणूक आली की परवानाधारकाने पिस्तूल पोलीस ठाण्यात जमा करावे, अशी नोटीस येते. गुंडाच्या गावठी कट्ट्याला कोण नोटीस देणार?

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री पाकिस्तानातून आलेल्या दहा दहशतवाद्यांनी मुंबईला वेठीस धरले. राष्ट्रीय सुरक्षा दलाचे कमांडो पोहोचले ते दुसऱ्या दिवशी सकाळी. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी कसाबची रायफल धरून ठेवली, तेव्हा त्यांच्यापाशी केवळ लाठी होती. कमरेच्या पिस्तुलाने ए.के. ४७चा सामना सहज झाला असता, असा भाबडा दावा कोणी करू नये. तथापि मदत येईपर्यंतचा काळ नागरिकालाच निभावावा लागतो, हे सत्य त्या रात्री उघडे पडले. १ जानेवारी २०२३ रोजी राजौरीजवळच्या ढांगरी गावात हिंदूंच्या घरांवर हल्ला झाला, तेव्हा एका गावकऱ्याने आपल्या जुन्या .३०३ रायफलीतून प्रत्युत्तर दिले आणि मारेकरी पळाले. एक रायफल, पण ती हाताशी होती!

अमेरिकेतील शाळांमधील गोळीबार दाखवून आपले पुरोगामी विचारवंत लगेच घाबरवू लागतील. दुकानातून सर्रास पिस्तुले विकावीत, अशी मागणी कोणी केली आहे? आदर्श हवा तर घरातच आहे. कोडगूतील कोडव समाजाला इंग्रजांच्या काळापासून शस्त्र परवान्यातून सूट आहे. केंद्र सरकारने ती २०२९पर्यंत वाढवली आहे. तिथे कैलपोळ्द या सणाला शस्त्रे पूजली जातात. त्याच मातीने देशाला करिअप्पा आणि थिमय्या दिले. शस्त्राने तो समाज उच्छृंखल झाला नाही, शिस्तबद्ध झाला.

म्हणूनच आपल्या लोकांनाही चार शब्द सुनावणे आवश्यक आहे. वरातीत हवेत गोळ्या झाडणारा, पिस्तुलासह छायाचित्रे मिरवणारा हा वीर नव्हे; तो परवाना मागणाऱ्या प्रत्येक सज्जनाचा वैरी आहे. अशा गोळीबाराला २०१९च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली, हे योग्यच झाले. २०१६चे नियम सांगतात की, सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल म्यानात, अंगाशी आणि पूर्णपणे झाकलेले असावे. म्हणजे कायद्यालाही प्रदर्शन नको, संयम हवा. रोज पिस्तूल बाळगणे हे व्रत आहे. ज्याने ते घेतले त्याला मद्य वर्ज्य, रस्त्यावरचा वाद वर्ज्य, क्रोध वर्ज्य. अपमान गिळून बाजूला होण्याची ताकद त्याच्यात इतरांहून अधिक हवी. घरी परतल्यावर ते मुलांच्या हाती लागणार नाही याची दक्षता हवी, आणि नेमबाजीचा सराव नियमित हवा. ज्याला हे जमणार नाही, त्याने परवाना मागूच नये.

डॉ. मुंजे यांनी १९३७ साली नाशिकला भोसला सैनिकी शाळा उभारली, ती मुलांच्या हाती नुसती बंदूक देण्यासाठी नव्हे, तर ती पेलणारे मन घडवण्यासाठी. शासनाने प्रशिक्षित, निष्कलंक नागरिकाला ठरावीक मुदतीत परवाना द्यावा आणि नकार दिल्यास कारण स्पष्ट सांगावे. समाजानेही त्या परवान्यास पात्र ठरणारी माणसे घडवावीत. शीलाविना शस्त्र ही गुंडगिरी होय आणि शस्त्राविना शील ही अगतिकता. या दोहोंतून बाहेर पडणे हेच खरे सीमोल्लंघन!